सोनामुखीच्या बियांचं पाकीट: बी अस्सल, पण वर छापलेला जून ठाण्याचा नाही

हे परीक्षण ऑनलाइन मिळणाऱ्या सोनामुखीच्या ५० बियांच्या पाकिटाचं आहे. विक्रेत्याचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रार एकट्याबद्दल नाही, याच मजकुराचं पत्रक इतरांच्याही पाकिटांत निघतं. किंमत दीडशे रुपयांच्या आत. आत झिपची पिशवी, पेरणी ‘जून-जुलै’ सांगणारं पुठ्ठ्याचं सूचनापत्रक आणि ‘मोफत’ म्हणून रायझोबियम या जिवाणू-खताची एक पुडी. पेरणी दोनदा करून पाहिली, एकदा जूनमध्ये पत्रकाप्रमाणे आणि एकदा ऑक्टोबरमध्ये आपल्या हवेप्रमाणे. जागाही दोन, घोडबंदर रोडवरची उघडी गच्ची आणि नेरूळची पश्चिमेकडची बाल्कनी.

आधी झाड कोणतं ते पक्कं करू, कारण या नावाखाली काहीही विकलं जातं. सोनामुखी म्हणजे सेन्ना अलेक्झांड्रिना, जिची पानं पोट साफ करायला घेतात. जुन्या पुस्तकांत ती कॅशिया अंगुस्टिफोलिया या नावाने भेटते, आपल्याकडे काही जण भुईतरवडही म्हणतात. चिंच, बहावा, टाकळा यांच्याच शेंगावर्गीय कुळातलं हे झुडूप. मूळचं ईशान्य आफ्रिकेचं आणि लाल समुद्रापलीकडच्या अरबस्तानाचं; सुदान, इजिप्त, सोमालिया हा त्याचा मुलूख. इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरातून पानं युरोपात जायची म्हणून नाव अलेक्झांड्रिना. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ही नाही, ती आपल्याकडे युनानी हकिमांबरोबर आली. पुढे तमिळनाडूत तिरुनेलवेली-तूतुकुडीच्या कोरड्या पट्ट्यात तिची शेती अशी रुजली की व्यापारात ‘तिनेवेल्ली सेन्ना’ हा वेगळा मालच झाला. कच्छ आणि राजस्थानातही ती पिकते. या सगळ्या जागांत एक गोष्ट समान आहे, पाऊस कमी. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. पाकिटाची सगळी गडबड इथून सुरू होते.

बियांबद्दल मात्र तक्रार नाही. सोनामुखीचं बी चपटं, एका टोकाला निमुळतं, राखाडी-हिरवट ते तपकिरी, आणि अंगावर बारीक सुरकुत्या. टाकळ्याचं बी मेथीदाण्याच्या मोठ्या भावासारखं, तकतकीत आणि तिरपं कापल्यासारखं. हे दोन्ही तळहातावर शेजारी ठेवले की लहान मूलसुद्धा वेगळे काढेल. पाकिटात सगळं बी एकाच जातीचं निघालं. किडकं किंवा पोचट अगदी नावाला. ५ पैकी ४ गुण.

एक गुण गेला तो पत्रकात बीजप्रक्रियेचा शब्दही नाही म्हणून. सोनामुखीचं कवच कठीण असतं, पाणी आत शिरत नाही. तसंच पेरलं तर काही बिया आठवड्यात येतात, काही महिन्याने, आणि बऱ्याच कुंडीत दगडासारख्या पडून राहतात. मग लोक ‘बी खराब निघालं’ म्हणून एक तारा देऊन मोकळे होतात. करायचं एवढंच. हार्डवेअरच्या दुकानातून मध्यम दाण्याचा पॉलिश पेपर आणा, त्याचे दोन तुकडे करा, मधे १०-१२ बिया ठेवून हलक्या हाताने अर्धा मिनिट घासा. तकाकी जाऊन कवच पुसट झालं की थांबा. आतला फिकट भाग दिसू लागला तर जास्त झालं. मग साध्या पाण्यात रात्रभर, म्हणजे १०-१२ तास, भिजवा. सकाळी फुगलेल्या बिया वेगळ्या काढून लगेच पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासून पुन्हा भिजवा. काही जण उकळतं पाणी ओतून ते तसंच निवू देतात. त्यानेही काम होतं, पण पाणी गॅसवर ठेवूनच बिया टाकल्या तर त्या शिजतात. फुगलेलं बी ५ ते १० दिवसांत वर येतं.

आता तो ‘जून-जुलै’. पत्रक लिहिणाऱ्याची चूक म्हणावी तर चूक नाही. गुजरात-राजस्थानच्या कोरडवाहू शेतात पहिल्या पावसावर पेरणी होते आणि तिथे ते बरोबरच आहे. तमिळनाडूत तीच कोरडवाहू पेरणी सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये होते, कारण तिथला मुख्य पाऊस परतीचा. म्हणजे पेरणीचा महिना झाड ठरवत नाही, त्या गावचा पाऊस ठरवतो. ठाण्यात जूनमध्ये पेरलं की रोप दोन पानांवर असताना जुलैची झड लागते. चार-चार दिवस ऊन नाही, मातीचा वरचा थर सतत ओला, हवा कोंदट. खोड मातीलगत पाण्याने भिजल्यासारखं पारदर्शक होतं, मग दोऱ्याइतकं बारीक, आणि रोप आडवं पडतं. ही मर. त्यातूनही जे वाचतं त्याची मुळं ऑगस्टमध्ये कुजतात. वर पानं पिवळी पडतात, माणसाला वाटतं खत कमी पडलं, तो खत घालतो आणि उरलंसुरलंही जातं. जूनच्या पेरणीतली उघड्या गच्चीवरची सगळी रोपं गेली. बाल्कनीत छताखालची मोजकी टिकली, पण उन्हाअभावी काटकुळी वाढली. ऑक्टोबरच्या पेरणीने तीच बी-पिशवी निर्दोष ठरवली.

ठाणे-नवी मुंबईसाठी पेरणीची वेळ म्हणजे परतीचा पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरचा उकाडा माणसांना छळतो, या बियांना मानवतो. हुकलंच तर फेब्रुवारीत पेरा. तोडण्या मे अखेरपर्यंत आटोपाव्या लागतात एवढंच.

पेरणी थेट मोठ्या कुंडीत. पत्रक म्हणतं, ‘ट्रेमध्ये रोपं करून नंतर लावा.’ सोनामुखीचं सोटमूळ लवकर खाली जातं आणि ते दुखावलं की झाड महिनाभर रुसून बसतं. १२ इंची कुंडीत ३ बिया, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खोल. चार खरी पानं आली की सर्वांत दणकट रोप ठेवून बाकीची कात्रीने जमिनीलगत कापायची. उपटायची नाहीत, शेजारच्याची मुळं हलतात.

मातीबद्दल पत्रकात ‘चांगल्या निचऱ्याची माती’ एवढंच आहे, म्हणजे काहीच नाही. आपल्याकडे नर्सरीत पोत्याने मिळणारी लाल माती डोंगरउतारावरची, चिकणी आणि जराशी आंबट. सोनामुखीला हलकी, रेताड, सामू (pH) ७ ते साडेआठच्या दरम्यानची जमीन आवडते. २ घमेली लाल माती, १ घमेलं जाड धुतलेली वाळू (बांधकामाची क्रश सँड चालते, पण तिची पूड दोन-तीनदा पाण्याने काढून टाकायची), अर्धं घमेलं चाळलेलं कंपोस्ट, आणि १२ इंची कुंडीमागे एक मोठा चमचा डोलोमाइट किंवा शेतीचा चुना. कोकोपीट नको. बाल्कनी-बागेत प्रत्येक प्रश्नाला कोकोपीट हे उत्तर झालंय, इथे ते घात करतं, कारण ते पाणी धरून ठेवतं आणि या झाडाला नेमकं तेच नको आहे. कुंडीच्या तळाला भोकं किमान चार, आणि खाली ताटली ठेवू नका. कंपोस्टात चमचाभर ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून दोन-चार दिवस झाकून ठेवलं तर मर कमी होते.

मोफत पुडीबद्दल. शेंगावर्गीय झाड म्हटलं की रायझोबियम, असा सरळ हिशोब विक्रेत्याने केलेला दिसतो. हरभरा, तूर, मूग यांच्या मुळांवर गाठी येतात आणि हे जिवाणू त्यांत राहून हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. सेन्ना गणातल्या झाडांच्या मुळांवर मात्र गाठी येत नाहीत. झाड उपटून मुळं धुऊन पाहा, स्वच्छ असतात. पुडी वाया घालवू नका, कुंडीतल्या वालाला किंवा चवळीला वापरा. मात्र ‘शेंगावाली आहे, स्वतःचं खत स्वतः करेल’ या भरवशावर राहू नका. पेरताना कंपोस्ट आणि प्रत्येक तोडणीनंतर मूठभर गांडूळखत लागतं. त्याहून जास्तही नको; जास्त खतावर पानं मोठी, मऊ आणि किडीला गोड होतात.

ऊन रोज ६ तास तरी हवं. पूर्वेकडच्या, समोर दुसरा टॉवर असलेल्या बाल्कनीत याच्या वाटेला जाऊ नका. पश्चिमेच्या उन्हात ते खूष असतं. नेरूळ, सीवूड्स, पाम बीच रोडच्या बाजूला खाडीची खारी हवा असते, तिची त्याला फिकीर नाही. किंचित खारट जमीनही हे झाड सोसतं. पाणी हिवाळ्यात ४-५ दिवसांनी, मार्चपासून २-३ दिवसांनी, पण प्रत्येक वेळी तळातून निघेपर्यंत. बोट दोन इंच खुपसून ओल लागली तर पाइप परत गुंडाळा. रोज तांब्याभर शिंपडणाऱ्या घरात हे झाड टिकत नाही.

दोन महिन्यांच्या सुमारास पिवळी फुलं येतात, बहाव्याचीच धाकटी आवृत्ती. पाच पाकळ्या, त्यांवर बारीक शिरा, मधे तपकिरी परागकोश. या परागकोशांना टोकाला छोटी भोकं असतात आणि पराग मिठाच्या डबीसारखे आतच अडकलेले असतात. मोठा काळा भुंगा येऊन फुलाला लटकतो, पंख न हलवता अंग थरथरवतो, ‘झ्झ्झ’ असा आवाज येतो आणि त्याच्या पोटावर पिवळी धूळ उडते. फुलात मध नसतो, तो परागासाठीच येतो. शेंगा धरायला असा भुंगा फार कामाचा, म्हणून उंच मजल्यावर फुलं भरपूर आणि शेंगा चार-दोन असं होऊ शकतं. पानंच हवी असतील तर फुलांचे तुरे येताच खुडून टाका. झाड पानांवर जोर धरतं.

किडींत पहिला नंबर एमिग्रंट फुलपाखराच्या अळीचा. पांढरट-पिवळसर फुलपाखरं, ठाण्यात टाकळ्यावर आणि बहाव्यावर दिसतात तीच. अंडं बारीक, पांढरं, कोवळ्या पानावर उभं. अळी हिरवी, अंगाच्या कडेने एक फिकट रेघ, आणि पानाच्या मधल्या शिरेवर अशी चिकटून बसते की हात लावेपर्यंत समजत नाही. खाली काळे-हिरवे दाणे पडलेले दिसले की वर ती असणारच. दोन दिवसांत ती एक फांदी साफ करते. पान पोटात जाणार आहे, त्यामुळे औषध मारू नका. सकाळी हाताने उचला आणि कुंपणाच्या टाकळ्यावर किंवा सोसायटीतल्या बहाव्यावर सोडा. पिठ्या ढेकूण फेब्रुवारीनंतर येतो, खोडाच्या बेचक्यात कापसासारखा. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात पुसून काढा. कडुनिंबाचं तेल फवारलंच तर नंतर दहा दिवस तोडणी नाही.

आता तोडणी. पहिली पेरणीनंतर ७५ ते ९० दिवसांनी, पुढच्या महिन्या-महिन्याने, एकूण तीन. पत्रक म्हणतं, ‘गरजेनुसार पाने तोडा.’ असं दोन-दोन पानं तोडून काही होत नाही. सकाळी दव उडाल्यावर, पूर्ण उघडलेली, निळसर छटेची पानं देठासकट ओरबाडून घ्या, शेंड्याकडची ठेवा. सनोसाइड नावाची जी रेचक द्रव्यं असतात ती कोवळ्या पानांत आणि कोवळ्या शेंगांत जास्त, निबर पानांत कमी. म्हणून पिवळं पडेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

घरच्या मालाचा निकाल वाळवण्यातच लागतो. कडक उन्हात गच्चीवर पसरलेली पानं दुपारपर्यंत तपकिरी होतात आणि औषधी अंशही घटतो. ढीग करून ठेवली तर आतून तापतात, काळपट होतात, बुरशीचा वास येतो. सावलीत, सुती कापडावर, पान पानावर न चढेल इतका विरळ थर द्या, पंखा मंद सोडा आणि दिवसातून दोनदा हात फिरवा. ७ ते १० दिवस लागतात. पोळ्यांच्या डब्याशेजारी, किचनच्या वाफेत नको. झालं का ते असं ओळखा: पान चुरताना कुरकुरलं पाहिजे, आणि मधला देठ वाकता कामा नये, मोडला पाहिजे. मग काचेच्या बरणीत भरून झाकण लावा आणि २४ तास ठेवा. काचेला आतून धूसर वाफ धरली तर अजून ओल आहे, परत पसरा. बरणी पुन्हा कोरडी राहिली की लेबलवर महिना लिहून अंधाऱ्या फडताळात ठेवा. एका कुंडीतून एका तोडणीला ४०-५० ग्रॅम ओली पानं निघाली, वाळून त्यांची चौथाईच्या आसपास उरली. कमी वाटेल, पण एका घराला वर्षभर यापेक्षा जास्त लागत असेल तर तपासायची गोष्ट पोट आहे, कुंड्यांची संख्या नाही.

वापराबद्दल पत्रकात ‘रोज सकाळी एक कप काढा, शरीर शुद्ध होते, वजन घटते’ असं छापलंय. या एका ओळीसाठी पत्रकाला शून्य गुण. सनोसाइड जठरात आणि लहान आतड्यात जवळजवळ जसंच्या तसं पुढे सरकतं. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू ते फोडतात, तेव्हा कुठे खरं रेचक तयार होतं. ते आतड्याला ढकलायला लावतं आणि पाणी परत शोषू देत नाही. अन्नातलं पोषण त्याआधीच अंगी लागलेलं असतं, तेव्हा काट्यावर जे कमी दिसतं ते फक्त पाणी. आणि या प्रवासाला ८ ते १२ तास लागतात म्हणून वेळ रात्री झोपण्याआधीची, सकाळची नाही. सकाळी घेतलं तर संध्याकाळच्या लोकलमध्ये परिणाम.

घरच्या पानाची ताकद मोजलेली नसते. साधारण पानात २ ते ३ टक्के सनोसाइड धरतात, कुंडीतल्यात किती हे सांगता येत नाही, म्हणून सुरुवात अर्ध्या ग्रॅमने. चमचा फसवतो; चुरा दाबून भरला की दुप्पट होतो. मसाले मोजायचा छोटा डिजिटल काटा वापरा. अर्धा ग्रॅम चुरलेलं पान दीडशे मिलिलिटर कोमट पाण्यात १० मिनिटं झाकून ठेवा, गाळा, प्या. किंवा साध्या पाण्यात ६-८ तास भिजवून गाळा. पोटात मुरडा आणणारी राळ थंड पाण्यात कमी उतरते. खळखळून उकळायचं नाही. बडीशेप किंवा सुंठ सोबत घेण्याची जुनी रीत मुरड्यासाठीच आहे. पुरलं नाही तर पुढच्या वेळी १ ग्रॅम. पहिल्या कपाने तीन तासांत काही झालं नाही म्हणून दुसरा घेणं ही नेहमीची चूक. सकाळी दोन्ही कप एकदम वसुली करतात. लघवी पिवळी किंवा लालसर झाली तर घाबरू नका, पानातल्या द्रव्याचा रंग आहे.

सलग आठवड्याच्या वर नाही. रोज घेतल्यास पोटॅशियम घटतं, पाय दुखतात, गळल्यासारखं होतं, आणि आतडं स्वतः काम करायला कुरकुरतं. हृदयासाठी डिगॉक्सिन, सूज किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. ज्येष्ठमधही पोटॅशियम कमी करतं, म्हणून ती जोडी बरी नाही, आणि काही तयार चूर्णांत ही दोन्ही असतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, १२ वर्षांखालची मुलं, आतड्याला सूज किंवा व्रण असलेले, यांना हे झाड फुलं बघण्यापुरतंच. पोटात कारण न कळणारी कळ असताना रेचक घेणं धोक्याचं. ते अपेंडिक्स असू शकतं. घरात आधीच एखादं चूर्ण चालू असेल तर डबीवरचं बारीक अक्षर वाचा. सोनामुखी, सनाय, स्वर्णपत्री, सेन्ना ही चारही नावं याच पानाची. पंचसकार चूर्णातल्या पाच ‘स’कारांतला एक हाच, बाकीचे सुंठ, सैंधव, सौंफ आणि शिवा म्हणजे हिरडा. चूर्णावर काढा म्हणजे डबल डोस.

पाकिटाऐवजी तयार रोप घ्यावं का? आमचं मत, नाही. रस्त्याकडेच्या एका नर्सरीत ‘सोनामुखी’ म्हणून दाखवलेलं रोप दादमर्दन निघालं: हातभर लांब संयुक्त पान, वर मेणबत्तीसारखा सरळ पिवळा तुरा. ते खरजेवर बाहेरून लावतात. दुसरीकडे तरवड होतं. ओळखायची खूण पर्णिकांत, म्हणजे एका पानातल्या छोट्या पानांत आहे. सोनामुखीच्या एका पानात पर्णिकांच्या ५ ते ८ जोड्या, भाल्याच्या पात्यासारख्या, आणि प्रत्येक पर्णिकेचा बुडखा तिरपा. मधल्या शिरेची एक बाजू थोडी खाली, दुसरी थोडी वर. देठावर ग्रंथी, म्हणजे बारीक फोड, नसते. तरवडात जोड्यांच्या मधे अशा ग्रंथी दिसतात आणि देठाच्या बुडाशी कानासारखी उपपर्णं असतात. कासविंद्याच्या देठाच्या बुडाशी एकच ठळक ग्रंथी, आणि पान चुरडलं तर दुर्गंध. हा फरक हौसेचा नाही. कासविंद्याच्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांच्या यकृताला, स्नायूंना आणि मेंदूला घातक इजा झाल्याच्या नोंदी आहेत. टाकळ्यात जोड्या तीनच, टोकाला रुंद. त्याची पावसाळी भाजी सगळ्यांना माहीत आहे.

आणि फक्त वापरायचीच असेल, वाढवायची हौस नसेल, तर ठाण्यात जांभळी नाक्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानातून ५० ग्रॅम सुकी पानं आणा. पैशाच्या हिशोबात पाकीट तिथे हरतं. पानं पिवळसर-हिरवी हवीत, तपकिरी नकोत. काड्या मोजक्याच असाव्यात. वास चहाच्या पत्तीसारखा सौम्य, कुबट नाही. तळहातावर चार पर्णिका घेऊन तो तिरपा बुडखा बघा. पूड अजिबात घेऊ नका, पुडीत बुडखा दिसत नाही. केसांना लावायची ‘कॅशिया पावडर’ ही वेगळ्याच सेन्नाची, म्हणजे सेन्ना इटालिकाची पूड असते. ती पोटात घेऊ नका.

पाकीट मागवायचं तर सप्टेंबरमध्ये मागवा, तोवर माती सुकवून ठेवता येते. ५० बियांतल्या दोन कुंड्यांना सहाच लागतात, उरलेल्या बिया झिपच्या पिशवीत, तांदळाच्या चार दाण्यांसोबत, कोरड्या डब्यात ठेवा. कवच कठीण असण्याचा इथे फायदा होतो, पुढच्या ऑक्टोबरलाही उगवतात. एप्रिलमध्ये दोन-चार तुरे न खुडता राहू द्या. शेंगा चपट्या, आधी हिरव्या, मग तपकिरी होतात. आत ५ ते ८ बिया, हलवलं की सुक्या शेंगेत खुळखुळतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात झाड सहा इंचांवर छाटून कुंडी छज्जाखाली, पागोळ्यांपासून दूर सरकवा आणि पाणी जवळजवळ बंद करा. गच्चीवर उघडं सोडलेलं झाड ऑगस्ट बघत नाही. छज्जाखालचं काही वेळा ऑक्टोबरात फुटतं, काही वेळा नाही, म्हणून त्या शेंगा आधी काढून ठेवायच्या.